वूबर्नच्या दोन विहिरी

बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवर लोवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले, की पाऊण तासाच्या आत ‘अँडरसन’ नावाचे स्थानक येते. स्थानक चांगले ऐसपैस आहे. उत्तरेला मेन राज्याकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडीही येथे थांबते, आणि मोटारी उभ्या करण्याचे आवार एवढे मोठे, की आपल्याकडे त्यात एखादी जत्रा सहज भरावी. स्थानकांना आणि पुलांना नावे द्यायची ती पुढाऱ्यांची, नाही तर सेनापतींची, हा जगाचा रिवाज. तेव्हा हे अँडरसनही असेच कोणी बडे गृहस्थ असतील असे मानून प्रवासी उतरतात आणि आपापल्या मोटारीत बसून चालू लागतात.

हे अँडरसन वयाच्या बाराव्या वर्षी वारले. जिमी अँडरसन हा वूबर्न गावचा मुलगा. १९७२ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले आणि १९८१ मध्ये तो गेला. पुढे वीस वर्षांनी, २००१ मध्ये, हे स्थानक उघडले तेव्हा त्याला जिमीचे नाव देण्यात आले. ज्या जमिनीवर ते उभे आहे, तीही साधीसुधी नव्हे. १८५३ पासून १९६९ पर्यंत येथे रसायनांचे आणि सरसाचे कारखाने होते. आर्सेनिक, शिसे, क्रोमियम आणि कुजकी कातडी यांनी ही माती भरून गेली होती. ते सारे झाकून, बंदिस्त करून त्यावर ही आगगाडीची व्यवस्था केली आहे. एका मुलाचे नाव आणि एक विषारी जमीन, ही जोडी या गावाला कशी लाभली, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. तिच्यात एक नदी आहे, दोन विहिरी आहेत, आणि जमिनीखालचे न दिसणारे पाणी संगणकावर दाखवू पाहणारी विद्वान मंडळी आहेत.

वूबर्न बोस्टनच्या उत्तरेला दहा मैलांवर. लिहिताना ‘वोबर्न’ वाटते, पण तसे म्हटले की गावकरी सौम्यपणे हसतात आणि ‘वूबर्न’ म्हणून दाखवतात. गाव जुने आहे आणि त्याला अभिमानाच्या जागाही पुष्कळ. उष्णता म्हणजे काय या कोड्याला हात घालणारा काउंट रम्फर्ड येथलाच. ग्रंथालयापुढे त्याचा पुतळा आहे. गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये याच गावी सापडली. पण गावाचे खरे पोट भरले ते चामड्याने. एके काळी येथे इतके चर्मोद्योग होते, की आजही शाळेच्या खेळाडूंना ‘टॅनर्स’, म्हणजे कातडी कमावणारे, असेच म्हणतात. आपल्याकडे शाळेच्या संघाला असे नाव द्यायला कोणी धजणार नाही. त्या लोकांना मात्र पूर्वजांच्या धंद्याची लाज वाटत नाही, आणि ते मला आवडले.

गावातून अबर्जोना नावाची नदी वाहते. नदी म्हणायचे एवढेच. आपल्याकडे तिला ओढा म्हटले असते. पाणकणीस आणि लव्हाळी यांच्या दलदलीतून ती वळणे घेत दक्षिणेला मिस्टिक तळ्यांत जाते आणि तेथून बोस्टनच्या बंदराला मिळते. या दलदलीच्या पूर्व काठी नगरपालिकेने १९६४ मध्ये एक आणि १९६७ मध्ये दुसरी अशा दोन नळविहिरी खणल्या. सुमारे पंचाऐंशी फूट खोल. त्यांना नावेसुद्धा कवित्वहीन दिली: ‘जी’ आणि ‘एच’. हिमयुगात बर्फाच्या वितळत्या पाण्याने या खोऱ्यात वाळू आणि खडी आणून भरली होती, त्यामुळे पाणी भरपूर. त्याच्या गुणाविषयी मात्र १९५८ मध्येच सल्लागार इंजिनिअरांनी गावाला बजावले होते, की या भागातले भूजल पिण्यासाठी घेण्याजोगे नाही. गाव वाढत होते, पाणी हवे होते. अहवाल फडताळात गेला.

पूर्व वूबर्नच्या गृहिणींनी मात्र कोणताही अहवाल न वाचता निकाल दिला होता. पाण्याला वास येतो, चव वाईट लागते, नळाच्या तोट्या खराब होतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. जिमीची आई ॲन अँडरसन हिला इस्पितळाच्या खेपांत आपल्याच आळीतल्या दुसऱ्या आया भेटू लागल्या, त्याच दुखण्याची मुले घेऊन आलेल्या. एवढ्याशा वस्तीत इतकी मुले? हवा आणि पाणी एवढेच सर्वांत सारखे, असे तिच्या मनाने घेतले. ती सांगत राहिली आणि शहाणी माणसे मान हलवत राहिली.

मग १९७९ च्या मे महिन्यात नदीजवळच्या ओसाड जागेत कारखान्यांच्या टाकाऊ द्रव्याची १८४ पिंपे टाकून दिलेली सापडली. म्हणून सहज जवळच्या विहिरींचे पाणी तपासले, तर त्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे तेलकट डाग काढणारे द्रव्य निघाले: अब्ज भागांत २६७ भाग. म्हणजे एका लिटरात पाव मिलिग्रॅमहून थोडे अधिक. ऐकायला काहीच नाही. पण अमेरिकेने पुढे पिण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा ठरवली ती अब्जात ५ भागांची आहे. विहिरी लगेच बंद झाल्या. गंमत अशी, की त्या पिंपांचा विहिरींतल्या विषाशी संबंध नव्हताच. मग विष आले कोठून?

प्रश्न लहान, पण तो अडला जमिनीच्या आत. विहिरींच्या ईशान्येला अर्ध्या मैलाच्या आत ग्रेस कंपनीचा यंत्रे बनवण्याचा कारखाना होता. नदीच्या पलीकडे, पश्चिम काठी, चामड्याच्या कारखान्याची पंधरा एकर रानटी जागा होती. हा कारखाना पुढे बीट्रिस या बड्या कंपनीने घेतला होता. आणखीही एकदोन कारखाने जवळपास होते. आठ कुटुंबांनी १९८२ मध्ये फिर्याद लावली. याच खटल्यावर जोनाथन हार यांनी १९९५ मध्ये ‘अ सिव्हिल ॲक्शन’ हे पुस्तक लिहिले आणि १९९८ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. चित्रपटात वकिलाचे नशीब पाहायला मिळते. मला कुतूहल होते ते पाण्याचे. कोणत्या जमिनीतले पाणी, कोणत्या वाटेने, किती वर्षांनी त्या विहिरींत पोचले, हे कोणी पाहिले? कोणीच नाही. मग ते सांगायचे कसे?

माझा भाचा याच भागात राहतो. दूषित जमिनी स्वच्छ करण्याचे काम करणाऱ्या एका कचेरीत तो इंजिनिअर आहे. रविवारी त्याने मला दलदलीच्या कडेने हिंडवले. मेपलची पाने लाल झाली होती आणि पाण्यावर बदके होती. विषाचा मागमूस डोळ्यांना कोठेच दिसत नव्हता.

“हेच तर आमचे दुखणे आहे, मामा,” तो म्हणाला. “जे दिसत नाही त्याचा हिशेब द्यायचा.”

तो हिशेब कसा मांडतात, हे त्याने मला समजेल अशा भाषेत सांगितले. रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद घ्या. असे कागद एकाखाली एक रचा. म्हणजे सगळे खोरे लहान लहान चौकोनी खोल्यांत वाटले जाईल. प्रत्येक खोलीला दोनचार गुण द्यायचे: येथे वाळू की चिकणमाती, पाणी किती सहज सरकते, पावसाचे किती मुरते. आरी दार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअराने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना वाळूने भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून एक नियम बसवला: उतार जेवढा अधिक आणि वाळू जेवढी मोकळी, तेवढे पाणी अधिक. हा नियम प्रत्येक खोलीला लावायचा आणि शेजारच्या खोलीत किती पाणी गेले ते काढायचे. खोल्या हजारो, म्हणून संगणक. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९८० नंतरच्या दशकात ‘मॉडफ्लो’ नावाचा असा आज्ञासंच तयार करून सर्वांना मोकळा केला. आज जगभर तो वापरतात. पाण्याची वाट निघाली, की तिच्यावर विष सोडायचे. त्यातले काही पाण्याबरोबर धावते, काही मातीला चिकटून रेंगाळते, काही खडकाच्या भेगांत दडून बसते.

“आणि उत्तर खरे की खोटे, हे कसे ओळखता?” मी विचारले. आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेले असल्याने मला हाच प्रश्न सुचला.

“नमुना विहिरींतली पाण्याची पातळी मोजतो. संगणकातली पातळी तिच्याशी जुळली, की लोक खूष होतात. पण मामा, खरी मेख तेथेच आहे.”

ती मेख अशी. समजा, पाऊस जेवढा मुरतो असे आपण धरले त्याच्या दुप्पट धरला, आणि जमीनही दुप्पट मोकळी धरली. मग पाण्याची पातळी तीच राहते! येणारे दुप्पट, जाणारेही दुप्पट. नकाशा पहिल्यासारखाच दिसतो आणि मोजमापांशी तितकाच चोख जुळतो. फक्त आत पाणी दुप्पट वेगाने धावत असते. म्हणजे विष विहिरीत पोचायला दहा वर्षे लागली की पाच, हे त्या जुळण्यावरून कळतच नाही. घरखर्चाच्या वहीत महिनाअखेरीची बेरीज जुळली म्हणजे आतल्या रकमा खऱ्या, असे थोडेच आहे? दुधाचे पैसे किराण्यात घातले तरी बेरीज जुळतेच.

ही अडचण सोडवायची तर पातळीखेरीज आणखी काही तरी मोजावे लागते. प्रत्यक्ष किती पाणी वाहते ते. वूबर्नला ते मोजलेही गेले. खटला उभा राहण्याच्या आधी, १९८५ च्या डिसेंबरात, बंद पडलेल्या त्या दोन विहिरी सरकारी खात्यांनी तीस दिवस पुन्हा चालवल्या आणि दलदलीच्या वरच्या व खालच्या टोकाला नदीचे पाणी मोजले. नदी दलदलीतून बाहेर पडताना आटलेली होती. विहिरी जेवढे पाणी उपसत होत्या, त्यातले जवळजवळ निम्मे नदीचे होते.

१९८६ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या न्यायालयात न्यायमूर्ती स्किनर यांच्यापुढे खटला सुरू झाला. फिर्यादींच्या बाजूने प्रिन्स्टन विद्यापीठाचे जॉर्ज पिंडर उभे राहिले. भूजलाच्या गणितातले ते नामांकित पंडित. नदीचे पाणी विहिरींत येत नाही, विष येते ते या कारखान्यांच्या जमिनींतून, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिपक्षाने आपले तज्ज्ञ आणले आणि नदीच्या आटण्याचा तो आकडा नेमका पुढे केला. खोरे एक, विहिरी त्याच, मोजमापेही बहुतेक तीच. पण साक्षीदार बदलला की जमिनीखालचे पाणी दिशा बदलत होते. सहा सामान्य नागरिकांच्या जूरीने हे ७८ दिवस ऐकले.

शेवटी न्यायालयाने जूरीला लेखी प्रश्न दिले. त्यांत एक असा होता: कोणते द्रव्य विहिरींत पोचले, आणि कोणत्या वर्षी व कोणत्या महिन्यात? महिन्यात! ज्या जमिनीत पाणी कोठे दिवसाला फूटभर सरकते, तर कोठे इंचभरही नाही, तिला महिना विचारायचा. जूरीने बिचाऱ्याने इमानाने उत्तर दिले. २८ जुलै १९८६ रोजी तिने बीट्रिसला सोडले आणि ग्रेसला जबाबदार धरले. महिना दिला सप्टेंबर १९७३. उत्तरांचा परस्परांशी मेळ बसत नाही म्हणून न्यायाधीशांनी ग्रेसपुरती पुन्हा सुनावणी ठरवली. ती होण्यापूर्वीच कंपनीने ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढे पर्यावरण खात्याने स्वतंत्र तपास केला, तेव्हा नदीपलीकडची ती पंधरा एकर जागाही विषाचे एक उगमस्थान असल्याचे त्याच्या निष्कर्षात आले. म्हणजे पिंडर यांचे नदीविषयीचे म्हणणे मोजमापापुढे टिकले नाही, पण पलीकडच्या जमिनीविषयीचे टिकले. एका गणितातला एक भाग चुकतो आणि दुसरा बरोबर असतो, हे आम्हा परीक्षकांना नवे नाही. गुण भागशः देता येतात. न्यायालयात ती सोय नसते.

यावर घरी परतताना मी बराच विचार केला, आणि मला आठवले ते पुणे. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मूळ ग्रंथ कोणी पाहिलेला नाही. हाती आहेत त्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या पोथ्या, एकमेकींशी भांडणाऱ्या. त्यांवरून जुन्यात जुना पाठ कोणता असावा, हे सुकथनकरांसारख्या संपादकांनी ठरवले. पण ठरवताना त्यांनी एक शिस्त पाळली. जेथे पाठ निश्चित नाही, तेथे त्या शब्दांखाली एक नागमोडी रेघ दिली. म्हणजे वाचकाने समजावे, की येथे संपादकाचा पाय घसरता आहे; येथे भर देऊन उभे राहू नये. शिवाय टाकलेले सगळे पाठ तळाशी छापले, की उद्या कोणी अधिक शहाणा आला तर त्याला पडताळता यावेत. त्या रेघेने ग्रंथाची किंमत कमी झाली नाही, वाढलीच.

भाच्याला मी हे सांगितले, तेव्हा तो एकदम मोटारीचा वेग कमी करून म्हणाला, “मामा, आम्हाला हवी आहे ती हीच रेघ!”

भूजलशास्त्रातल्या थोरांनी वेगळ्या शब्दांत हेच सांगितले आहे. कोनिकोव आणि ब्रेडहूफ्ट या दोघांनी १९९२ मध्ये एक निबंध लिहिला. भूजलाचे प्रतिमान खरे ठरवताच येत नाही, फार तर ते खोटे ठरवण्याचे प्रयत्न करता येतात, असे त्यांनी स्वच्छ बजावले. १९९४ मध्ये नेओमी ऑरेस्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात साऱ्या भूविज्ञानाविषयी तसेच प्रतिपादन केले. याचा अर्थ प्रतिमाने फेकून द्यावीत असा नाही. त्यांची परीक्षा कशी घ्यावी, एवढाच. ज्या मोजमापांवर ते बसवले, त्यांखेरीज दुसऱ्या कशावर ते पडताळले काय? कोणती गोष्ट सोयीसाठी वगळली? एकच उत्तर देता, की त्याच मोजमापांना जुळणारी दहा उत्तरे काढून पाहिलीत? आणि पाच-दहा वर्षांनी प्रत्यक्ष काय घडले, ते पाहायला कोणी परत येणार आहे काय? हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. पूर्व वूबर्नच्या गृहिणींनीही ते विचारले असते.

आणि हे प्रश्न केवळ पंडिती नव्हेत, कारण याच आकड्यांवर पुढची साफसफाई ठरते. जमिनीतले पाणी उपसायचे, धुवायचे आणि सोडून द्यायचे, ही रूढ पद्धत. उपसाविहीर कोठे खणायची, किती उपसायचे, किती वर्षे, हे प्रतिमान सांगते. ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याहून जड. ते खाली बुडते, खडकाच्या भेगांत शिरते आणि थेंबाथेंबाने सुटत राहते. संगणकात खडक अखंड आणि माती एकजात धरली, तर काम अमुक वर्षांत संपेल असा हिशेब निघतो, पण जमीन तो हिशेब मानत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये अशा ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा ६९ ठिकाणी उद्दिष्ट अजून गाठलेले नव्हते. वूबर्नला संबंधित कंपन्यांनी १९९१ मध्ये साफसफाईसाठी सुमारे ७ कोटी डॉलरचा करार केला आणि १९९२ मध्ये उपसा सुरू झाला. विहिरी मोजून पंधरा वर्षे चालल्या होत्या. त्यांच्यामागची निस्तरानिस्तर त्याहून कितीतरी अधिक काळ चालली आहे.

आईबापांच्या मूळ प्रश्नाचे काय झाले? मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य खात्याने नंतर गावातल्या आजारी मुलांचा कसून अभ्यास केला. कोणत्या रस्त्यावर कोणत्या महिन्यात त्या दोन विहिरींचे पाणी किती जात होते, हे ठरवायला गावच्या नळांच्या जाळ्याचेही एक प्रतिमान केले. गरोदरपणात ज्या मातांनी ते पाणी प्यायले, त्यांच्या मुलांत या रोगाचा संभव अधिक, असा संबंध १९९७ च्या अहवालात दिसला. मुलांची संख्या थोडी, म्हणून निष्कर्ष जपून वापरावा, असेही तेथेच लिहिले. अहवालाने आपल्याच वाक्याखाली नागमोडी रेघ ओढली, आणि म्हणून तो मला अधिक विश्वासाचा वाटला.

आता पूर्व वूबर्नला पाणी दुसरीकडून येते. अबर्जोना मात्र तशीच आहे. लव्हाळ्यांतून वळणे घेत, थोडे आपले पाणी जमिनीला देत, थोडे जमिनीचे घेत ती मिस्टिक तळ्यांकडे जाते. वरून पाहणाऱ्याला ती देवघेव दिसत नाही. ती मोजावी लागते. आणि मोजून झाल्यावर, जेवढे मोजले तेवढेच बोलावे लागते.